शेतकऱ्याला लिवर? मग दारू सोडायला सांगा!



आज तरव्याच्या पेरणीबद्दल लिहिणार होतो. बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून पोचट कसं काढायचं, त्याचे फोटोही काढून ठेवलेत. ते उद्या टाकतो. आज दुसरंच लिहितोय, कारण चार दिवस डोक्यातून जात नाही.

मागच्या आठवड्यात एका शेतकरी प्रशिक्षणाला गेलो होतो. चहाच्या वेळी गप्पा चालल्या होत्या. शेजारच्या गावातल्या एका काजू बागायतदाराच्या सोनोग्राफीत लिवरवर चरबी निघाली, असं कोणीतरी म्हणालं. लगेच एक जण बोलला, "शेतकऱ्याक लिवर? मग दारू सोडूक सांगा त्याका!" सगळे हसले. साहेब लोकही हसले. मी गप्प बसलो. तेव्हा बोललो नाही, म्हणून आता लिहितोय.

माझा मोठा भाऊ तीन वर्षांपूर्वी लिवर सिऱ्हॉसिसने गेला. दादा माळकरी होता. दारू सोडाच, मासळीसुद्धा खात नव्हता. मालवण तालुक्यात राहून मासळी न खाणारा माणूस म्हणजे किती कडक, ते तुम्हीच समजा. अंगाने काटकुळा. आयुष्यभर वजन साठ किलोच्या वर गेलं नाही, फक्त पोट तेवढं पुढे. पन्नाशीत साखर निघाली. पुढे पाय सुजले, पोटात पाणी झालं. डॉक्टरांनी सांगितलं की सुरुवात फॅटी लिवरची, पण वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. आणि वाडीत काय बोलले? "माळ गळ्यात, बाटली मांगरात." तेराव्यालासुद्धा कुजबुज चालू होती. वहिनीने ती ऐकली. दादाला रोगाने मारलं, पण त्याचं नाव आपल्या अज्ञानाने मारलं. माझं भांडण त्या अज्ञानाशी आहे.

दारूने लिवर जातं, हे शंभर टक्के खरं आहे. कोणी माझी पोस्ट दाखवून बाटली उघडू नका. कावीळ ब आणि क यांनीही जातं. पण यातलं काहीच नसताना लिवरमध्ये चरबी भरते आणि तीच पुढे सूज, मग चट्टे, मग सिऱ्हॉसिस अशी वाढत जाऊ शकते, हे डॉक्टरांना काल-परवा कळलेलं नाही. या आजाराचं नाव कित्येक वर्षं 'नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिवर' असंच होतं, म्हणजे नावातच 'दारूविना'. २०२३ साली जगभरच्या तज्ज्ञांनी ते नाव बदललं. एक कारण हे की नावातल्या दारूच्या आणि चरबीच्या शब्दांनी रोग्याची उगाच बदनामी होते. म्हणजे आमच्या वाडीतली कुजबुज जगभर चालते म्हणायची! आपल्या केंद्र सरकारनेही २०२१ साली हा आजार मधुमेह-हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. फक्त आपल्या गप्पांत तो अजून आलेला नाही.

आता दुसरा गैरसमज. "जाड माणसाला होतं, आपण तर बारीक." इथे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम प्रत्येक शेतकऱ्याने समजून घेतलं पाहिजे. ते केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले मधुमेहाचे डॉक्टर. त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या शेतकरी घरांत, बायकांचा गर्भारपणाआधीपासून अभ्यास केला. जन्मलेली मुलं पुढे वर्षानुवर्षं तपासली. खेड्यातल्या बाळांचं सरासरी वजन साधारण २.७ किलो आणि इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण खरी गोष्ट पुढे आहे. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण अंगावरची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. म्हणजे दिसायला बारीक आणि आतून चरबीचं. जन्मापासूनच!

२००४ साली 'लॅन्सेट' या साप्ताहिकात याज्ञिकांनी स्वतःचाच फोटो छापला, लंडनच्या डॉ. युडकिन यांच्याबरोबर. उंचीच्या मानाने वजनाचं जे माप असतं, बीएमआय, ते दोघांचंही २२.३. अगदी सारखं. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दुप्पटीहून जास्त! पोत्याचं वजन सारखं, पण एकात दाणा आणि दुसऱ्यात अर्धा भुसा, असला प्रकार. काट्यावर उभं राहून "माझं वजन बरोबर" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातल्या खेड्यांत सुमारे १९०० माणसं तपासली होती, तो अभ्यास २०१० साली छापून आला. शंभरातल्या जवळजवळ नऊ जणांना दारूशिवायचं फॅटी लिवर निघालं. आणि त्यांतल्या चारांपैकी तिघांचा बीएमआय पंचविसाच्या आत! भात खाणारी, शेतात राबणारी माणसं ती. आपलीच म्हणा ना.

मग ही चरबी येते कुठून? आपण समजतो तेलातून. तेल-तूप आहेच, पण गरजेपेक्षा जास्त पिठूळ आणि गोड खाल्लं, तर लिवर स्वतः त्याची चरबी तयार करतं. साखरेतला अर्धा भाग ग्लुकोज, तो सगळं अंग वापरतं. उरलेला अर्धा फ्रुक्टोज, त्याचा निकाल बराचसा लिवरलाच लावावा लागतो. स्नायूला काम असेल तर ग्लुकोज तिकडे खपतो. काम नसेल, स्नायूच कमी असेल, तर सगळा माल लिवरच्या कोठारात. आणि कोठार भरलं तरी दुखत नाही. दादाला कुठे दुखलं होतं?

आमचे वडील जोत धरायचे. पहाटे पेज, दुपारी ताटभर भात, रात्री परत भात. तो भात चिखलात जिरायचा. माझ्याकडे आता पॉवर टिलर आहे. चार दिवसांचं काम एका दिवसात होतं. तिठ्यावर जायला मोटरसायकल. आणि भात? तेवढाच! वर त्यांच्या वेळी नसलेल्या गोष्टी आल्या. दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर पन्नास ग्रॅम झाली की नाही? जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत असलेली बरी. आपण चहातच दुप्पट संपवतो. बिस्किट, फरसाण, थंड पेय अजून मोजलंच नाही.

इथे काही जण लगेच म्हणतील, "म्हणजे आता भात सोडू? कोकणी माणसाने चपात्या खाऊ?" कोणी सांगितलं? भाताला शिव्या देणारेही मला मान्य नाहीत आणि "लाल तांदूळ खा, साखर पळते" म्हणून दीडशे रुपये किलोने विकणारेही नाहीत. वालय, मुणगा मी स्वतः पिकवतो. कोंडा राखलेला तांदूळ पांढऱ्यापेक्षा नक्की बरा. उकडा केला की सालातली काही जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात. पण तो भातच आहे, औषध नव्हे. डोंगरभर खाल्ला तर तोही चरबीच करणार.

आणि आता स्वतःच्या पायावर धोंडा मारतो. कोकम सरबत! आम्ही घरी करतो आणि विकतोही. एक किलो सालाला दोन किलो साखर, हे आमचं प्रमाण. पेल्यात पाच-सहा चमचे साखर सहज जाते. आणि आमच्या बाटलीवर काय लिहिलं होतं? 'आरोग्यदायी'. या वर्षीपासून तो शब्द काढून टाकला. भावकीतला एक जण म्हणाला, "खप कमी होतलो." होऊ दे. दादाला दुपारी उन्हातून आला की हेच सरबत मी द्यायचो, पोटाला थंड म्हणून. पाहुण्याला एखादा पेला द्या, पण साखरवाल्याला आरोग्य म्हणून पाजू नका. कोकम खायचंच तर आमटीत आहे, सोलकढीत आहे. आगळात मीठ असतं, रक्तदाबवाल्यांनी तेही बेतानेच. गूळसुद्धा लिवरच्या दारात साखरच.

'लिवर साफ' करणाऱ्या पुड्या आणि वजन उतरवणाऱ्या गोळ्या यांच्यापासून तर लांबच राहा. केरळात कुडमपुळी म्हणून एक आंबट फळ माशाच्या आमटीत घालतात, ते कोकमाच्याच कुळातलं. त्याच्या अर्काच्या गोळ्या वजन कमी करायला जगभर विकल्या आणि त्या घेणाऱ्यांपैकी काहींचं लिवरच बिघडल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या. आमटीतलं आमसूल वेगळं आणि अर्काची गोळी वेगळी. झाडपाल्याचं आहे म्हणजे निर्धोक, हे शेतकऱ्याने तरी म्हणू नये. कण्हेरही झाडच आहे.

आता कृषीवाले साहेब आणि शास्त्रज्ञ मंडळींना एक नम्र विनंती. नम्र म्हटलं तरी थोडी तिखट आहे. तुम्ही गुंठ्याला किती किलो ते विचारता. ताटात काय गेलं ते कोण विचारणार? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी याज्ञिकांच्या त्याच सहा खेड्यांतल्या गर्भार बायकांचं खाणं तपासलं. २००१ साली निष्कर्ष आला. नुसत्या कॅलरी किती खाल्ल्या याच्याशी बाळाच्या वाढीचा संबंध तसा लागला नाही. पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं, याच्याशी लागला. ज्या बायांना गर्भारपणी जड कष्ट जास्त, त्यांची बाळं लहान, हेही त्यांनी पुढे दाखवलं. लावणीला ओणवी असलेली पोटुशी सून आठवा. 'बारीक पण चरबीचं' बाळ तिथून सुरू होतं. शेजारच्या रत्नागिरीत डेरवणच्या वालावलकर रुग्णालयातही किशोरवयीन मुलींचा असा लांब पल्ल्याचा अभ्यास चालू आहे. म्हणजे हा विषय दवाखान्याचा तेवढाच शेतीचा आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दोन हजार कॅलरीचं ताट सांगितलं. धान्य साधारण २५० ग्रॅम, डाळी-कडधान्य ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम. आमच्या वाडीत धान्य याच्या दुप्पट आणि भाजी चमचाभर. मग भात कापल्यावर कुणगे रिकामे का पडतात? कुळीथ, चवळी, वाल जमिनीतल्या ओलीवर येतात. मी गेल्या दोन वर्षांपासून आठ गुंठे कुळीथ आणि विहिरीजवळ तीन गुंठे लाल माठ, मुळा, वाल करतो. विकून पैसा फार होत नाही. घरात खाल्लं जातं, त्याचा हिशोब कोणत्याच योजनेच्या फॉर्मात रकाना नाही म्हणून दिसत नाही. तो रकाना घाला. आणि प्रशिक्षणाला क्रीमची बिस्किटं न देता उकडलेली चवळी द्या, खर्च तेवढाच येईल.

शेतकऱ्यांनी काय करायचं? शिंप्याची टेप घ्या आणि कंबर मोजा. पुरुषाची नव्वद आणि बाईची ऐंशी सेंटिमीटरच्या वर असेल, किंवा घरात साखरेचा आजार असेल, तर बारीक असलात तरी डॉक्टरांना विचारून तपासणी करा. चहाची साखर निम्मी करा. भाताच्या दोन वाढपांतली एक कमी करून तिथे उसळ आणि भाजी घ्या. बांगडा-तारली तळण्यापेक्षा तिखल्यात बरी. टिलर घरी असला तरी रोज तासभर पायी चला. चरबीच्या टप्प्यावर असताना आजार मागे फिरतो. जाड माणसाचं वजन सात-दहा टक्के उतरलं तर सूजही कमी होते, आणि बारीक माणसाला त्याहून थोडंही पुरतं. सिऱ्हॉसिसपर्यंत गेला की वाट अवघड. दादाच्या बाबतीत आम्हाला टप्पाच कळला नाही.

आणि एक शेवटचं. उद्या कोणाच्या लिवरची बातमी आली तर "पिता काय रे तो?" हा पहिला प्रश्न विचारू नका. समजा पीत असला, तरी तो आजारी माणूसच आहे. आणि पीत नसला, तर तुमच्या त्या एका प्रश्नाने त्याची बायको आयुष्यभर मान खाली घालून फिरेल. मी बघितलंय.

कोणाचा अनुभव वेगळा असेल तर लिहा, पटत नसेल तर भांडा. तरव्याचे फोटो उद्या.