दिव्यांग मुलाच्या नववीची फी सरकारने भरावी!

सातारा-सांगलीच्या पालकांनो, २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुले शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) वंचित गटात आली आणि खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांचे दार त्यांना उघडले. आठवीपर्यंत निभावते. नववी सुरू झाली की दप्तरातून चिठ्ठी घरी येते: शैक्षणिक शुल्क, सत्र शुल्क, संगणक शुल्क. आमचे म्हणणे एवढेच, की ही चिठ्ठी सरकारकडे गेली पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ३१ वाचा. आरटीईत काहीही म्हटले असले तरी, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीने, मोफत शिकण्याचा हक्क ते देते. मग चौदाव्या वर्षी पावतीपुस्तक कशासाठी?

संस्थाचालक म्हणतील, शिक्षकांचे पगार कुठून काढायचे? प्रश्न रास्त आहे. आठवीपर्यंतची प्रतिपूर्तीसुद्धा वर्षानुवर्षे थकते. पण येणे सरकारकडून असताना वसुली मुलाकडून करणे हा अन्याय आहे. सरकार म्हणेल, अनुदानित शाळा शेजारीच आहे. याच आधारावर ९ फेब्रुवारी २०२४ ला सरकारने सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना २५ टक्क्यांतून सूट दिली होती. १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. शिवाय कमी ऐकू येणारे मूल आठ वर्षे एका वर्गात रुळलेले असते. पहिला बाक त्याचा, आणि फळ्याकडे तोंड करून बोलायचे नाही हे बाईंच्या अंगवळणी पडलेले. नव्या शाळेत हे सारे पुन्हा पहिल्यापासून, तेही दहावीच्या तोंडावर.

सर्वांत वजनदार आक्षेप वकिलांचा: कलमात खासगी शाळेची फी कोणी भरायची, हे लिहिलेले नाही. मान्य. मात्र हक्क दिला आणि खर्च कोणाचा ते सांगितले नाही, तर त्याचा भुर्दंड मुलाने का सोसावा? अमेरिकेत सरकारी शाळा योग्य शिक्षण देऊ शकली नाही म्हणून पालकांनी निवडलेल्या खासगी शाळेची फी सरकारी यंत्रणेने परत करावी, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच मान्य केले. आपल्याकडे एक शासन निर्णय पुरेसा आहे: नववीपासून अठराव्या वर्षापर्यंतची प्रतिपूर्ती सरकारची.

तो निघेपर्यंत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा. तिथेही दाद मिळाली नाही, तर आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून दोन्ही जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते.