पणजीच्या लग्नाचा पुरावा मागता, पण रजिस्टर कुणाच्या हातात होते?



जात पडताळणीची फाईल भरताना आपल्या मुलांना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागितला जातो. राज्याच्या कायद्यानुसार जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावरच असते. मग घरात शोध सुरू होतो. आजोबांचा दाखला मिळाला तर ठीक. नाही मिळाला तर पणजोबांपर्यंत वंशावळ जोडायची. आणि तिथे प्रश्न येतो, पणजोबा-पणजीचे लग्न झाल्याची नोंद कुठे आहे?

नोंद नाही. पण ती का नाही, हे विचारायची हिंमत आपण केली पाहिजे. "आपले लोक अडाणी होते, कागद जपले नाहीत" हे उत्तर आपणच एकमेकांना देतो. हे उत्तर साफ खोटे आहे. जो कागद कुणी लिहिलाच नाही, तो जपणार कसा?

ब्रिटिश काळाचे उदाहरण घ्या. मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या शिपायाचे लग्न लागले की लष्करी पाद्री त्याची नोंद करी, तिची प्रत लंडनला जाई. त्या नोंदींच्या अनुक्रमणिका आजही ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आडनाव शोधले की पान मिळते. त्याच फौजेत सुभेदार रामजी सकपाळ होते. त्यांचे सासरेही फौजेतच. रामजी आणि भीमाईच्या लग्नासाठी मात्र असे कोणतेही रजिस्टर नव्हते. एकच फौज, एकच सरकार, पण नोंद कुणाची ठेवायची हे धर्म आणि वंश बघून ठरले.

खुद्द बाबासाहेबांचेच पाहा. माता रमाईशी त्यांचे लग्न भायखळ्याच्या बाजारात, रात्री, दिवसभराचा बाजार उठल्यावर लागले. काही चरित्रे 1906 साल सांगतात, काही ते मॅट्रिकनंतर झाले असे सांगतात. याउलट 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी झालेला विवाह नोंदणी पद्धतीने झाला, म्हणून त्याच्या तारखेवर वाद नाही. माणूस तोच. फरक फक्त रजिस्टरचा. बाबासाहेबांच्या पहिल्या लग्नाचे साल पक्के करताना अडचण येत असेल, तर गावकुसाबाहेरच्या आपल्या पणजीची काय कथा?

गावात काय होते? कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14. त्यात जन्म आणि मृत्यू. लग्नाला रकाना नाही. जन्माच्या नोंदीतही पुष्कळदा बापाचे नाव, जात आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच. आईचे नाव सापडले तर नशीब. वतनाच्या कागदांत महार पुरुष दिसतो, कारण त्याच्याकडून राबवून घ्यायचे होते. बाई दिसते ती वारस नोंदीत, नवरा मेल्यावर, 'मयताची विधवा' म्हणून. विचार करा, आपल्या पणजीच्या लग्नाचा पहिला सरकारी पुरावा तिच्या वैधव्याचा आहे! जातीने एकदा पुसले, पुरुषसत्तेने दुसऱ्यांदा. माहेरचे नाव तर कुठेच नाही.

"जुने कागद शोधणे अवघड आहे" असे सांगणाऱ्या व्यवस्थेला एक आठवण करून द्यावी लागेल. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली. तहसील, भूमी अभिलेख, शाळा, सगळीकडची दप्तरे उघडली, मोडी वाचणारे बसवले, सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या. माझा त्याला विरोध नाही. सरकारने मनावर घेतले की मोडीही वाचता येते, एवढेच त्यातून सिद्ध होते. मग तीच यंत्रणा आमच्या नोंदींसाठी का हलत नाही? ज्याने रजिस्टर ठेवले त्यानेच ते शोधून द्यावे. ज्याला रजिस्टरबाहेर ठेवले, त्याच्यावर पुराव्याचे ओझे टाकणे हा न्याय नव्हे.

म्हणून मागणी स्पष्ट ठेवू. प्रत्येक तालुक्याचे कोतवाल बुक, शाळांची जनरल रजिस्टरे आणि वारस नोंदी स्कॅन व्हाव्यात. त्यांची अनुक्रमणिका बाईच्या नावानेही व्हावी. मोडी नोंदींचे देवनागरी लिप्यंतर मोफत मिळावे.

आणि थोडे स्वतःलाही विचारू. बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर लग्न लावतो, संस्थेचे प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर टांगतो, पण ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत विवाह नोंदणी किती जण करतात? 1998 च्या राज्य कायद्यात 90 दिवसांची मुदत आहे. नोंदणी नाही म्हणून लग्न खोटे ठरत नाही, हे खरे. पण वारसा, पेन्शन, पोटगीच्या वेळी खेटे घालते ती बाईच. आज आळस केला तर उद्या आपली पणती हाच शोध घेत बसेल, आणि तेव्हा दोष कुणावर टाकणार?

या आठवड्यात घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ वही घेऊन बसा. तिचे माहेरचे नाव, गाव, लग्नाचे साल, साल आठवत नसेल तर त्या वर्षीचा दुष्काळ किंवा साथ, सारे लिहा. अशा खुणांवरूनच कोणत्या वर्षाचे दप्तर उघडायचे ते कळते. मग माहितीचा अधिकार वापरा आणि दप्तर मागा. आमच्याकडे कागद नव्हता. लेखणी मात्र बाबासाहेबांनी हातात दिली आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!