गाठ काढायची, पण किती?

सोनोग्राफी केलेली असते पोटदुखीसाठी, कधी मूतखड्याच्या संशयाने. अहवालात ‘उजव्या बीजकोशात साडेचार सेंटिमीटरची सिस्ट’ असे वाक्य येते आणि घरात कुजबूज सुरू होते. शेजारीण म्हणते, ‘वेळीच काढून टाक, नाहीतर कॅन्सर होतो.’ जाऊबाई म्हणतात, ‘मी तर पिशवीच काढली, कायमची कटकट गेली.’ डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत निम्मा निर्णय घरीच झालेला असतो.

पाळी येणाऱ्या वयात बीजकोशात पाण्याची गाठ दिसणे ही बहुतेक वेळा त्याच्या नेहमीच्या कामाचीच खूण असते. दर महिन्याला बीज वाढवणारी पुटिका एखाद्या वेळी फुटत नाही, मोठी होत राहते. अशा बहुतांश गाठी दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरतात. ब्रिटनमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या सूचनांनुसार, पाळी चालू असलेल्या स्त्रीची पाच सेंटिमीटरपेक्षा लहान साधी गाठ सहसा पुन्हा तपासण्याचीही गरज नसते. पाच ते सात सेंटिमीटरच्या गाठीसाठी वर्षाने सोनोग्राफी पुरते. ‘पीसीओडी’त दिसणाऱ्या बारीक पुटिका तर वेगळ्याच, त्या शस्त्रक्रियेने काढायच्या गाठी नव्हेत. पाळी गेल्यानंतर मात्र हिशेब बदलतो. त्या वयात छोट्या गाठीकडेही काळजीपूर्वक पाहावे लागते.

म्हणून ‘सिस्ट’ या शब्दापेक्षा पुढचे वर्णन महत्त्वाचे. गाठ साधी आहे की आत पडदे आहेत, घट्ट भाग आहे का, पोटात पाणी साठले आहे का, हे अहवालात असते. जुने अहवाल तारखेनुसार लावून नेले तर गाठ वाढली की तितकीच राहिली, हे डॉक्टरांना लगेच कळते. सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी झाली, तेही लिहून ठेवावे.

सीए-१२५ या रक्ततपासणीने घाबरणाऱ्यांची संख्या मोठी आहे. हा आकडा कर्करोगात वाढतो. पण एंडोमेट्रिओसिस, गर्भाशयातील फायब्रॉइड, पोटातील क्षयरोग आणि चक्क पाळी चालू असतानाही वाढतो. क्षयरोग आपल्याकडे दुर्मिळ नाही. तरुण मुलीच्या हाती नुसता हा आकडा देऊन तिला रात्रभर जागे ठेवण्यात शहाणपण नाही.

तपासणीच्या खोलीत वेळ मिळतो जेमतेम दहा मिनिटे, आणि त्यातही अनेकदा सासूबाई किंवा नवराच बोलतो. संबंधांच्या वेळी दुखते का, मूल हवे आहे का, याची खरी उत्तरे चारचौघांत येत नाहीत. डॉक्टरांशी थोडा वेळ एकटीने बोलायचे आहे, असे म्हणण्यात काहीही वावगे नाही. प्रश्न कागदावर असावेत. थांबून पाहिले तर काय धोका? फक्त गाठ काढणार की पूर्ण बीजकोश? दुर्बिणीतून होईल का? कर्करोगाचा संशय असेल तर कर्करोग शस्त्रक्रियेचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाकडे जावे का? ‘चॉकलेट सिस्ट’ काढताना बीजांचा साठा कमी होऊ शकतो. मूल हवे असेल तर हे आधीच बोलले पाहिजे.

‘किती काढणार’ हा प्रश्न किरकोळ नाही. तपासणीसाठी दुर्बीण घालायची संमती दिलेल्या एका अविवाहित स्त्रीचे गर्भाशय आणि दोन्ही बीजकोश ती भुलेत असताना काढले गेले. बाहेर बसलेल्या आईची सही तेवढी घेतली होती. तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये या प्रकरणात बजावले. जिवावरचा प्रसंग एवढाच काय तो अपवाद. त्यानंतरही २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचे प्रकरण गाजले, विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्यास राज्यांना सांगितले. दोन्ही बीजकोश अकाली गेले, तर हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. काही वेळा ते काढणेच योग्य असते, हेही खरे. पण ते संमतिपत्रावर आधी, समजेल अशा भाषेत लिहिलेले हवे; स्ट्रेचरवर सही घेणे हा त्याचा मार्ग नव्हे.

अचानक असह्य कळ आणि उलट्या सुरू झाल्या तर मात्र प्रश्नांचा कागद बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे. गाठीसकट बीजकोशाला पीळ पडला असेल तर उशिराने तो गमवावा लागतो.

ठरवून होणाऱ्या शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना सगळ्या गोळ्या दाखवाव्यात, आयुर्वेदिक काढेसुद्धा. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्या आधी थांबवाव्या लागतात, पण स्वतःच्या मनाने नव्हे. जेवण साधारण सहा तास आधी बंद. पाणी किती वेळ चालेल, ते विचारून घ्यावे. बोटाला लावलेल्या यंत्राला प्राणवायूचे प्रमाण नीट कळावे म्हणून नेलपॉलिश काढतात. बांगड्या-मंगळसूत्रही उतरवावे लागते. त्यावरून आयत्या वेळी रडारड नको, घरच्यांशी आधीच बोललेले बरे. विम्याचे कागदही तेव्हाच पाहावेत, कारण अनेक पॉलिसींत अशा गाठींसाठी दोन वर्षांची प्रतीक्षा असते.

काढलेली गाठ तपासणीला जाते आणि अहवाल काही दिवसांनी येतो. तोवर टाके सुकत आलेले असतात आणि अनेकदा हा कागद रुग्णालयाच्या खणातच पडून राहतो. गाठ नेमकी कसली होती, हे त्याच कागदावर असते. घरी सोडतानाच तो कोणत्या तारखेला आणि कोणाकडून घ्यायचा, हे विचारून ठेवावे.