मोकळी हवा, ५० रुपयांत

जुन्नरला आमच्या उसाच्या बांधावर तीन वर्षांत चार कुत्री सापडली. तिसऱ्याला बिबट्यानं नेलं. चौथी लॅब्रेडॉर. गळ्यात महागडा पट्टा, आणि दिसेल त्या पांढऱ्या कारमागे जीव तोडून धावायची. अजूनही धावते.

‘गावाला मोकळी हवा असते, कोणीतरी सांभाळेल.’ हे कोणीतरी म्हणजे माझी आई. गोचिड्या तिनं काढल्या, लशीचे पैसे मी भरले. वर आम्हालाच ‘किती प्रेमळ तुम्ही!’ म्हणायचं?

जनावर असं उपाशी मरायला सोडणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या वेळेचा दंड १० ते ५० रुपये. येतानाचा टोलसुद्धा याहून जास्त पडला असेल तुम्हाला. दंड वाढवा म्हणून बोला, रील नंतर टाका.