गोठा आधी, प्लॉट नंतर

पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये आणखी 23 गावे घेतली गेली. त्यांच्याबरोबर दावणीच्या म्हशीही शहरात आल्या. नागरी भागात गुरे पाळण्यावर नियंत्रण ठेवणारा राज्याचा कायदा 1976 चा आहे. तो लागू झाला की परवान्याशिवाय जनावर ठेवता येत नाही. दाट वस्तीच्या शहराला असा कायदा लागतोच. पण काल ग्रामपंचायतीत असलेल्या घराला तो जसाच्या तसा लावणे अन्याय आहे.

ग्रामपंचायत हद्दीत हेच सरकार 2 ते 6 गुरांच्या पक्क्या गोठ्यासाठी रोजगार हमीतून 77,188 रुपये देते. त्यात गव्हाण येते, मूत्रसंचयाची टाकी येते. हद्द वाढली की सरकारी पैशाने बांधलेला तोच गोठा नोटिशीला पात्र ठरू शकतो.

हद्दीबाहेरच्या गावांतही गावठाणालगत यलो झोन (निवासी पट्टा) पडतो, एनए (बिगरशेती) प्लॉट विकले जातात, बंगले उभे राहतात आणि मग शेणाच्या वासाची तक्रार होते. ती खोटी नसते. उघडा उकिरडा, माश्या, पावसाळ्यात गटारातून दारापर्यंत येणारे शेणपाणी कुणीही सहन करू नये. मात्र त्यावर ‘जनावरे गावाबाहेर हलवा’ हा तोडगा ज्याच्याकडे गावाबाहेर रान आहे त्यालाच परवडतो. भूमिहीन बाईच्या चार शेळ्या ओसरीलगतच्या छपरातच राहणार. तिला दुसरी जागा नाही. व्यायला आलेली म्हैस रात्री एकटी सोडता येत नाही. पहाटे धार काढून डेअरीत दूध घालायचे, तर गोठा घराजवळच लागतो.

दोन गायींचे घर आणि चाळीस गायींचा धंदा यांना एकच नियम नको. घरगुती पशुपालनाला प्लॉटच्या क्षेत्रानुसार जनावरांची मर्यादा ठरवावी, झाकलेला शेणखड्डा किंवा गोबरगॅस सक्तीचा करावा, विहिरीपासूनचे अंतर पाळायला लावावे आणि मोडणाऱ्याला दंड करावा. लेआउट मंजूर होण्याआधीपासून असलेल्या गोठ्याला संरक्षण द्यावे. मोठे गोठे जरूर हलवावेत, पण पाणी, रस्ता आणि शेण उचलण्याची सोय असलेली जागा विकास आराखड्यात राखून. मुंबईतल्या म्हशींसाठी 1949 मध्ये आरे दुग्ध वसाहत वसवली, तेव्हा सरकारने आधी जागा दिली होती. आज जागेचा पत्ता नसताना नोटीस हातात पडते.

प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी ठरावीक मुदत मिळते. बिल्डरांची माणसे त्या मुदतीत कागद घेऊन हजर असतात. पशुपालकांना मात्र आराखडा आल्याचेही कळत नाही. ग्रामपंचायतींनी आणि दूध संस्थांनी नकाशा चावडीवर लावावा, गोठ्यांची यादी करावी आणि प्रत्येक पशुपालकाची लेखी हरकत त्या मुदतीत दाखल करून पोच घ्यावी.