हलतात ते फक्त ओठ

१९६६ची ‘द मार्व्हल सुपर हीरोज’ ही कार्टून मालिका लोक हसण्यावारी नेतात. कॉमिकमधलीच चित्रं झेरॉक्स करून उचललेली. हललेच तर ओठ, पापण्या, एखादा हात. परवा पाहताना मी मात्र सारखा पॉज करत होतो. कॉमिकचा चित्रकार जॅक कर्बीची ती ठोकळेबाज, चौकोनी बोटं! थिजलेली असूनही अंगावर येतात. पुढे ‘वॉचमेन’ या कॉमिकच्या मोशन कॉमिकनं, म्हणजे छापील चित्रंच थोडी हलवून केलेल्या आवृत्तीनं, चित्रकार डेव्ह गिबन्सची चित्रं राखली, पण बायकांसकट सगळ्यांचे आवाज एकाच पुरुषाचे. कानाला खटकतं, मान्य. तरी गुळगुळीत थ्रीडी बाहुल्यांपेक्षा मला हेच पाहायला आवडेल. निर्मात्यांनी पैसा ओतायचाच तर आवाजांवर ओतावा. शाईच्या रेघेला हात लावू नये. कर्बीचा ठोसा मुळात हलावा लागतच नाही.