पस्तीस टाक!

गाडी कुठलीही असो, पंपावरच्या ‘हवा किती टाकू?’ला आपल्याकडे उत्तर ठरलेलं: पस्तीस! माझ्या मते छोट्या फोर-व्हील ड्राइव्हला हे उत्तर चुकीचं आहे.

जिम्नीचंच गणित करू. वजन सुमारे १२०० किलो. म्हणजे एका चाकावर ३००, अर्थात ६६० पौंड. टायरचा स्वतःचा ताठपणा सोडला तर ३५ पीएसआयला जमिनीला टेकतो जेमतेम १९ चौरस इंच टायर. २६ला २५, आणि १६ला ४१! हलक्या गाडीत जादा हवा भरली की टायर मधोमध झिजतो आणि खडबडीत घाटात गाडी उड्या मारते. चाकच टेकलं नाही तर ब्रेक काय करणार?

म्हणून रस्त्यावर दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडाच पाळा, तोही टायर थंड असताना मोजून. वाळूत मात्र १६-१८पर्यंत खुशाल उतरा. पण वेग कमी ठेवा आणि स्टिअरिंग झटक्यात वळवू नका, टायर रिमवरून सुटतो. डांबरावर येण्याआधी हवा पुन्हा भरा, नाहीतर टायर तापून फाटेल. कॉम्प्रेसर जवळ नसेल तर हवा सोडूच नका.

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. पेपरात मार्क देणारं हे सूत्र पंपावरही वापरा की राव!